डिझेलची रीत

केरबाने बैलजोडी विकली तेव्हा गावातल्या शहाण्यांनी त्याला वेड्यात काढलं. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ते गाव होतं. भाताची खाचरं होती, बांधाबांधाला हिरडे होते, आणि माणसाची पत त्याच्या दावणीवरून ठरत होती. अशा गावात सुगी तोंडावर आलेली असताना दावण मोकळी करायची, तीही धाकट्या भावाला मोटार घ्यायची म्हणून! पण केरबा कुणाला बधला नाही.

"माजा नाथा लढाईत सा वरसं मोटार हाकत हुता," तो म्हणायचा. "त्यातलं त्याला जेवढं कळतं तेवढं तुमच्या सात पिढ्यांला कळलं न्हाई. गप बसा."

हे ऐकलं की नाथाजीची छाती फुगायची, आणि थोडी भीतीही वाटायची. आईबाप गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. केरबाने त्याला पाठुंगळी घेऊन नांगर धरला होता, स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दिली होती. रेघ ओढायला न शिकलेला हा माणूस नाथाजीच्या शब्दावर डोळे मिटून चालायचा. अशा माणसासमोर चुकायची सोय नसते, हे नाथाजीला कळत होतं. पलटणीतून हवालदार होऊन आल्यापासून तर तो चुकत नाही असंच घरात सगळे धरून चालले होते.

बेत तसा चांगला होता. भात आणि हिरडा बैलगाडीने साताऱ्याला न्यायचा म्हणजे दिवस मोडायचा. मोटार असली तर सकाळी जाऊन दुपारी परत. पेट्रोलला परमिट लागायचं आणि परमिटसाठी साहेबाच्या दारात उभं राहावं लागायचं. डिझेलच्या तेलाची तेवढी अडवणूक नव्हती. सांगलीला चिंतामणराव नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याकडे लष्कराच्या मोडीत निघालेली, बंद टपाची एक डिझेल व्हॅन विकायला आहे, असं नाथाजीला कळलं. लढाई संपल्यानंतरचा तो दुसरा दसरा. नाथाजीने गावात सांगून टाकलं, "सीमोल्लंघनाला गाडी घेऊनच येतो."

इथंच घोडं पेंड खायला लागलं, पण ते तेव्हा कळलं नाही.

दोघे भाऊ दसऱ्याच्या सकाळी चिंतामणरावांच्या आवारात पोचले. गाडी अंगणाच्या मधोमध उभी होती. टपावरून झेंडूच्या माळा सोडलेल्या, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि इंजिन धडधडत चालू. समोर पाटावर पान्हे, हातोडा, जॅक असं सगळं हळदीकुंकू लावून मांडलेलं, त्यावर आपट्याची पानं. नाथाजीने आवाजाकडे कान लावला. आवाज ठीक होता. पण तापलेल्या इंजिनाचा आवाज बहुतेक ठीकच असतो, हे त्याला पलटणीत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

"पूजेसाठी सकाळीच चालू केली," चिंतामणराव म्हणाले. "नाथाजीराव, मी आधीच स्पष्ट सांगतो. जुनी गाडी आहे, पुष्कळ पळालेली आहे. आज हत्यारं पूजेला बसलीत, तेव्हा आज पान्हा लावता यायचा नाही. परवा या, तुमच्यासमोर इंजिन खोलून दाखवतो. आज नेणार असाल तर आहे तशी न्यायची. मागाहून बोल लावायला यायचं नाही."

याच्यात खोटं काही नव्हतं. नाथाजीच्या खांद्याच्या पिशवीतही त्याचे स्वतःचे पान्हे होते, पण कालच खंडेनवमीला त्यांना हळद लावून त्याने हात जोडले होते. पूजेला बसलेलं हत्यार सोनं लुटून झाल्याशिवाय उचलायचं नाही, हे तर त्याने लढाईतही पाळलं होतं. ऐन बॉम्बगोळ्यांत मराठी ड्रायव्हरांनी दसऱ्याला पान्ह्याला हात लावला नव्हता आणि गोऱ्या साहेबाने ते मुकाट्याने चालवून घेतलं होतं. आता सांगलीच्या अंगणात तो कसा लावणार?

मग परवा यायचं. साधी गोष्ट होती. पण परवा म्हणजे दसरा गेला, मुहूर्त गेला, आणि गावाला सांगितलेला शब्दही गेला.

केरबा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. त्याने चाकाला हात लावला, टपावर थाप मारली, खाली वाकून बघितलं. बाजारात जनावर बघायची त्याची तीच रीत होती.

"नाथा, एक इचारू का? हसायचं न्हाई."

"इचार की."

"बैल घेताना आपण त्याला चालवतो, पर खाली बसवून बी बघतो. बसल्या जागंवरनं आपल्या पायावं उठतो का न्हाई, त्ये बघतो. चालणारा बैल समदेच दावत्यात. ही कवाधरनं उभीच हाय. एकदा निजली म्हंजी उठती का ही?"

नाथाजी हसला. चिंतामणरावही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

"दादा, ह्यो काय बैल हाय व्हय? बटन दाबलं की उठती."

"मग दाबून बघ की. बंद कर, थंड हुंदे, आन् दाब."

"थंड हुयाला दुपार हुईल. मग सीमोल्लंघन कवा करायचं? तू मोटारीतलं मला शिकवू नगंस."

केरबा बाजूला झाला. तो रागावला नाही. उलट धाकट्याला एवढं कळतं याचं त्याला बरंच वाटलं असावं. नाथाजी आत चढून बसला, आणि त्याने जे बघायला नको होतं ते बघितलं. मैलाच्या घड्याळात चाळीस हजार दिसत होते, पण पायाखालच्या पेडलचं रबर पार झिजून लोखंड आरशासारखं चकाकत होतं. चाळीस हजारांत असं होत नाही. ते घड्याळ एकदा पुरं फिरून पुन्हा पहिल्यापासून मोजत आलं होतं. नाथाजीला हे उमगायला श्वासाएवढाही वेळ लागला नाही. त्याने पाय पेडलवर ठेवला, म्हणजे ते लोखंड झाकलं गेलं, आणि खिडकीतून म्हणाला, "दादा, यवहार उरकून टाक."

त्या दिवशी गाडी अशी पळाली की काय सांगावं. कराड मागं पडलं, सातारा मागं पडला, इंजिन एकदाही बंद करावं लागलं नाही. ऊन कलतं व्हायच्या आत गाडी गावाच्या शिवेवर आली तेव्हा सोनं लुटायला निघालेलं सगळं गाव तिथं होतं. केरबाची बायको राहीबाई ताट घेऊन पुढं आली, तिने चाकांवर पाणी ओतलं, आधी गाडीला ओवाळलं आणि मग दिराला. केरबा दारातून उतरला तो फेटा सावरत, लग्नातल्या नवरदेवासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत गाडी उठली नाही.

नाथाजीने बटण दाबलं. इंजिन एकदा कण्हलं. पुन्हा दाबलं, पुन्हा कण्हलं. आता हत्यारं मोकळी होती. त्याने पान्हा काढला, तेलाची नळी सोडवून हवा काढली, जे जे माहीत होतं ते केलं. इंजिनात दमच उरला नव्हता. आतली नळकांडी झिजून गेली होती. तापलेलं असलं तर चालणार, थंड झालं की मेलं. समोर गाव जमलं होतं. बैलजोडी विकली तेव्हा हसलेले सगळे पहिल्या रांगेत होते. आणि त्यांच्या पुढं, छाती काढून, केरबा उभा होता.

"काय झालं रं, नाथा?" त्याने विचारलं. त्या विचारण्यात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"काय न्हाई दादा," नाथाजी म्हणाला. "डिझेलची रीतच अशी असती. पेट्रोलवानी जाग्यावर सुरू हुत न्हाई. डिझेलची गाडी उतारावर लावायची, सोडली की सुरू हुती. म्या काल इसरून सपाटीला लावली."

"आस्सं!" केरबा गावाकडे वळला. "ऐकलं का? चला, हात लावा."

गावाने गाडी देवळाच्या उतारावर ढकलली, ती खाली घरंगळली, नाथाजीने क्लच सोडला, इंजिन भडभडून उठलं, आणि काळा धूर लोकांच्या तोंडावर आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. नाथाजीला त्या क्षणी आपली इतकी लाज वाटली की त्याने गाडी थांबवलीच नाही, सरळ मेढ्यापर्यंत नेली.

मग त्या खोट्यावरच सगळं काम उभं राहिलं. गाडी रोज उतारावर निजवायची. चाकाखाली लाकडाची उटी लावायची, सकाळी उटी काढली की गाडी सुटायची. उटीचं काम केरबाने आपल्याकडे घेतलं. बैल गेले होते, हातांना काम हवं होतं. बाभळीचा चांगला बुंधा बघून त्याने स्वतः उटी तासली, फुटू नये म्हणून तिला लोखंडी कडं बसवून घेतलं. दिवाळीत पाडव्याला तिला हळदीकुंकू लावलं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐटीत सांगायचा, "डिझेलची गाडी उतारावरच निजवायची असती. पेट्रोलचं येगळं." ऐकणारा मान हलवायचा. नाथाजी तिथं असला तर काहीतरी काम काढून बाजूला व्हायचा.

धंदा मात्र चालला, हे नाकबूल करता येणार नाही. भाताची पोती जात होती, हिरडा जात होता, येताना मीठ आणि कापड येत होतं. साताऱ्यात माल उतरवताना इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे कुणाला काही कळत नसे. एकाला मात्र कळलं. पोवई नाक्याजवळ तात्या नावाचा म्हातारा मिस्त्री होता. गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हाच त्याने मान हलवली.

केरबा त्यालाही ऐटीत उटी दाखवून मीठ आणायला गेला, तेव्हा तात्या म्हणाला, "हवालदार, ह्या इंजिनात राम नाही. ते असू दे, ते तुम्ही उतारावर भागवाल. पण एक ध्यानात ठेवा. हिचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर धरतो. इंजिन बंद पडलं की ब्रेक अर्धाच. हाताचा ब्रेक तर नावालाच आहे. ओझं घेऊन चढाला बंद पडली तर त्या उटीशिवाय हिला धरणारं कुणी नाही. आणि उटी काढणारा तुमचा भाऊ आहे."

"कळतंय," नाथाजी म्हणाला.

"त्याला कळतंय का?"

नाथाजीने केरबा येतोय का ते वळून बघितलं. तात्याचं म्हणणं रास्त होतं: चार दिवस गाडी दारात ठेवा, ब्रेक तरी नीट करून देतो. पण चार दिवस गाडी मिस्त्रीच्या दारात ठेवायची म्हणजे का ते केरबाला सांगावं लागणार, आणि एक सांगितलं की दुसरं. सुगी होऊ दे, मग बघू, असं त्याने स्वतःला समजावलं. येताना वाटेत त्याने केरबाला फक्त एवढंच बजावलं, "दादा, उटी काढताना कवाबी बाजूला हुबं ऱ्हायचं. मागं जायाचं न्हाई. आन् टपावर दोन थापा दिल्याबिगर म्या गाडी सोडणार न्हाई."

"का रं?"

"डिझेलची रीत हाय."

"बरं," केरबा म्हणाला, आणि त्याने ते मनात नीट लावून ठेवलं.

पौषात एका सकाळी, दहिवर अजून गवतावर असताना, दोघे मेढ्याहून साताऱ्याला निघाले. पोती नेहमीपेक्षा जास्त होती. घाटाच्या चढाला इंजिन दमलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. केरबा उडी मारून उतरला आणि मागच्या चाकाखाली उटी सारली. आता एकच उपाय होता. गाडी मागे सोडायची आणि उलट्या गिअरात इंजिन उठवायचं. तसं त्यांनी आधी दोनदा केलं होतं.

नाथाजीने ब्रेकवर सगळा भार देऊन पाय ठेवला आणि हाक दिली, "काढ!"

उटी निघेना. ओल्या मातीत ती रुतली होती आणि पोत्यांचं सगळं ओझं तिच्यावर आलं होतं. केरबाने बाजूने दोन हिसके दिले. मग, बैलाची अडलेली गाडी सोडवताना करायचा तसं, तो मागे गेला, खाली बसला आणि दगडाने उटीला घाव घालू लागला. नाथाजीला आरशात तो दिसत नव्हता. त्याला घाव ऐकू येत होते.

"दादा, बाजूला हाईस न्हवं?"

उत्तर आलं नाही. उटी सुटल्याचा आवाज आला. टपावर एकही थाप पडली नाही. नाथाजीने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, आणि ब्रेक, तात्याने सांगितलं होतं तसाच, अर्धा धरला. गाडी सावकाश मागे गेली. फार नाही, चारपाच हात. मागे वळणावर डोंगराची भिंत होती, केरबाला मधे घेऊन गाडी तिला टेकली.

केरबा ओरडला, तो आवाज नाथाजीच्या कानातून पुढे कधीच गेला नाही.

साताऱ्याच्या दवाखान्यात केरबा अडीच महिने होता. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरने ते नाथाजीला सांगितलं आणि नाथाजीने राहीबाईला. आता सांगायचं, असं ठरवून नाथाजी केरबाच्या खाटेजवळ गेला. पण आधी केरबाच बोलला.

"माजीच चूक रं, नाथा. तू सांगितल्यालं, मागं जाऊ नगंस म्हून. म्या अडाणी, बैलगाडीगत कराया गेलो. तुज्या गाडीला इनाकारण बोल लागला."

"निज आता, दादा," नाथाजी म्हणाला. भावाने आपल्या हाताने वाट मोकळी करून दिली होती आणि तो त्या वाटेने निघून गेला. याहून हलकट गोष्ट त्याने आयुष्यात केली नाही, आणि ते त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

गाडी मोडीत गेली. नाथाजी दुसऱ्याच्या शेतावर राबू लागला. पण सकाळ झाली की पहिलं काम ठरलेलं. तो केरबाच्या दोन्ही काखेत हात घालायचा, त्याला उचलून ओसरीवर उन्हात बसवायचा, पायांवर घोंगडं घालून द्यायचा. राहीबाईला हात लावू देत नसे. केरबा हसून म्हणायचा, "लहानपणी म्या तुला वागवला, आता तू मला वागीव. फिटलं." गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. नाथाजी मान खाली घालायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात जंगलाच्या ठेकेदाराची एक लॉरी लाकूड भरायला गावात आली. ड्रायव्हर फलटणकडचा, अर्जुना नावाचा. त्याने लॉरी केरबाच्या दारासमोर, चावडीपुढच्या सपाटीला लावली आणि चावडीत मुक्काम टाकला. सकाळी नाथाजीने केरबाला ओसरीवर बसवलं आणि तो विहिरीवर गेला. कडाक्याची थंडी होती. अर्जुना तोंड धुवायला पाणी मागायला आला.

"काय तेल पिती रं ही?" केरबाने विचारलं.

"डिझेल, काका."

केरबाने मान उंच करून लॉरीच्या चाकांखालची जमीन बघितली. "मग सपाटीला का लावलीस? चुकलास गड्या. आता गाव गोळा करावं लागंल ढकलाया. उतारावर लावायची न्हाई व्हय?"

अर्जुना हसला. "उतारावर मरतुकड्या गाड्या लावत्यात काका. बरी गाडी कशाला लावंल कोन?"

तो लॉरीत चढला. बटण दाबलं. इंजिन एकदा घुरघुरलं, आणि दुसऱ्या दमाला सपाटीवर, त्या थंडीत, कुणी हात न लावता उठलं. लॉरी वळली आणि निघून गेली.

नाथाजी कळशी घेऊन परत आला तेव्हा धूर अजून अंगणात होता. केरबा रस्त्याकडे बघत होता. नाथाजीने कळशी खाली ठेवली.

"नाथा," केरबा म्हणाला, "ती बी डिझेलचीच हुती."

नाथाजी उभा राहिला. आता वाट नव्हती, आणि त्याला ती नकोही होती.

"व्हय," तो म्हणाला.

"बसल्या जागंवरनं उठली."

"व्हय, दादा."

"तुला ठावं हुतं."

"पहिल्या दिसापासनं. सांगलीलाच."

केरबाने आपल्या पायांवरचं घोंगडं सारखं केलं, त्या पायांना थंडी वाजत नव्हती तरी. ऊन ओसरीवरून सरकलं, त्याच्या अंगावर सावली आली. रोजच्यासारखा नाथाजी पुढे झाला आणि त्याला आत न्यायला वाकून त्याच्या काखेत हात घालू लागला.

केरबाने त्याचे हात बाजूला केले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "राहीला हाक मार."